बंद न होणारी गाडी

एखाद्या वस्तूमागची गोष्ट कुणी रंगवून सांगितली की आमच्या यजमानांनी ती वस्तू घेतलीच म्हणून समजा. हैदराबादहून जुनी मोटार आणली तेव्हाही तसंच झालं. "जहागीरदाराच्या घरची गाडी हाय," एवढ्यावर ते भाळले. आतलं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी त्या जागी डिझेलचं बसवलं होतं. म्हणजे दिसायला मोटार आणि आवाज थेट लॉरीचा! मागच्या दाराची आतली मूठ गळून पडली होती. मागं बसलेल्या माणसासाठी बाहेरून कुणाला तरी दार उघडावं लागे.

याच्यावर आणखी एक खोड होती. बंद करायचा दांडा ओढला तरी इंजिन लगेच थांबत नसे. गुरगुरायचं, एकदा मोठ्यानं ओरडायचं आणि मगच गप्प व्हायचं.

"जुनं हाय, दम घेऊन थांबतंय," यजमान म्हणायचे.

"अहो, वकिलाला फसवलं म्हणून लोक हसायलेत," मी म्हणायची. ते मलाच हसायचे.

गाडी घेतली होती आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. त्यांचं काळीज अशक्त झालं होतं. गुलबर्ग्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि बसचे धक्के नि गर्दी त्यांना सोसणारी नव्हती. चिटगुप्प्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "बाई, यांना घाबरू देऊ नका. एखाद्या धसक्यानं जातील."

आणि आत्याबाई नेमक्या त्या आवाजालाच घाबरायच्या. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या त्या वाईट दिवसांत हल्लेखोर लॉरीतून यायचे, लॉरीचा आवाज आला की गाव दिवे मालवायचं. आत्याबाईंनीही तुरीच्या शेतात तोंडात पदर कोंबून रात्री काढल्या होत्या. पुढं राज्य बदललं, पण त्यांच्या कानातला आवाज काही गेला नाही. आता रोज संध्याकाळी त्यांचा स्वतःचा लेक कोर्टातून यायचा तोच लॉरीचा आवाज घेऊन, आणि त्या मागच्या खोलीत जाऊन कडी लावायच्या. "आपलीच गाडी हाय, या बाहेर," असं मी दोनदा सांगितल्यावर कडी निघायची. कडी निघेपर्यंत मी दाराला कान लावून त्यांचा श्वास ऐकत राही. त्या गाडीचा मला मनापासून राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

"आधी हुमनाबादच्या मिस्त्रीला दाखवा, मगच त्यांना बसवा," मी म्हटलं. उद्या-परवा करता करता जायचा दिवस उजाडला.

सकाळी आत्याबाईंना मागच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली. यजमानांनी दार लावून इंजिन सुरू केलं.

"माय, डोळे मिटून बस. आता गुलबर्ग्यालाच उघड," ते म्हणाले.

मी डबा हातात घेऊन बाजूला उभी होते. गाडी नुसती थरथरत होती, तोवर आत्याबाईंचा रंग उडाला.

"बंद कर रे, बाळा. छातीत धडधडायलंय. जरा बंद कर."

लेकानं आईचं ऐकलं, दांडा ओढला. इंजिन गुरगुरलं आणि ओरडलं, पण या वेळी थांबलं नाही. आवाज चढतच गेला. एवढा की मला माझीच किंकाळी ऐकू आली नाही. मागून पांढरा-निळा धूर सुटला आणि बघता बघता गाडीची मागची बाजू दिसेनाशी झाली. यजमानांनी खाली उडी मारून झाकण उघडलं, डिझेलची नळी उपटून काढली. तरी इंजिन पळतच होतं! झिजलेलं इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन असं धावत सुटतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, हे आता फुटणार आणि आत्याबाई आतच आहेत.

गल्लीतली दारं एकामागून एक लागत गेली. दारं आपटताना दिसत होती, आवाज येत नव्हता. लोकांना काय वाटलं असेल ते मला पुरतं ठाऊक होतं. आपल्याच दारात उभं राहून मला पळून जावंसं वाटलं.

"ओलं पोतं आण! याची हवा कोंडायला पाहिजे!" यजमान माझ्या कानाशी ओरडले. मी आत धावले, पोतं रांजणात बुडवलं आणि तसंच ओढत आणलं. ते पोतं त्यांनी इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडावर दाबलं, मीही वरून जोर लावला. इंजिन पोत्याला आत खेचत होतं. हात जाईल की काय, या भीतीनं मी डोळे मिटले.

अखेर ते आचके देऊन थांबलं. कान सुन्न झाले होते. मी मागच्या दाराकडे पळाले. मनात एकच होतं, आत्याबाई गेल्या असणार.

मागचं दार उघडंच होतं. आत्याबाई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, खोकत होत्या, जिवंत होत्या. त्यांच्याशेजारी समोरच्या घरातल्या चाची उभ्या होत्या. सगळ्या गल्लीनं दारं लावली, तेव्हा या एकट्या बाई दार उघडून धुरात आल्या होत्या. त्यांनीच आत्याबाईंना ओढून बाहेर काढलं होतं.

मी त्यांचे पाय धरायला वाकले. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गाडीत डोकं घालून त्या मागच्या सीटवर हात फिरवत होत्या, धुरात चाचपत होत्या. तेव्हा मला आठवलं. पोलीस ॲक्शननंतरच्या सुडाच्या दिवसांत त्यांच्या लेकाला याच गल्लीतून लॉरीत घालून नेलं होतं. तो परत आला नव्हता. ज्या आवाजाला आत्याबाई कडी लावायच्या, त्याच आवाजाला या बाई दार उघडत होत्या.

"पीछे और कोई नै क्या?" त्यांनी मला विचारलं. "खालीच आयी गाडी?"

आत्याबाईंनी हात वर केला आणि चाचींचं मनगट घट्ट धरलं.

"न्हाई गं, माय," त्या म्हणाल्या, "मी एकलीच होते."