शिपाईआजोबांचा मऊ भात

आमच्या घराण्यात एक शिपाई होऊन गेला आणि तो पानपतात पडला, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मराठी माणसांच्या कुठल्याही घोळक्यात विचारा, निम्म्यांचे पूर्वज पानपतातच पडलेले असतात. जिवंत परतलेला एकही सापडायचा नाही. मग ही एवढी प्रजा आली कुठून, असा प्रश्न खरं तर पडायला हवा. आबांना तो कधी पडला नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन ते साताऱ्याकडच्या आमच्या गावी राहायचे. नव्वदच्या दशकात मी त्यांना आणि आईला डेट्रॉइटजवळ, ट्रॉयला घेऊन आलो. म्हणायला सहा महिन्यांची भेट होती. पण मी नुकताच इथला नागरिक झालो होतो, आणि दोघांच्या ग्रीन कार्डाचे अर्ज आणून डायनिंग टेबलावर ठेवले होते. आई म्हणाली, "हे म्हणतील तसं." आबा म्हणायचे, "करू की सही, घाई काय आहे?" आणि अर्जावर चहाचा कप ठेवायचे.

मला ते दोघं इथेच हवे होते. भारतातून अवेळी फोन आला की मी दोन-तीन रिंग तो उचलायचोच नाही, आणि त्या भीतीला मी कंटाळलो होतो. पण आईने माझ्या बायकोला सांगितलं आणि तिने मला, की आबांचं इथे मन लागत नाही. पोराने एवढा घाट घातल्यावर माघार कशी घ्यायची, म्हणून ते बोलत नाहीत. मला रागच आला. मन लागत नाही म्हणजे काय? स्वतंत्र खोली दिली होती, टीव्ही दिला होता, फिरायला फुटपाथ होता. त्यावर कुणी भेटत नाही, ही काय माझी चूक?

एक माणूस मात्र त्यांना भेटला. समोरच्या घरात एक अमेरिकन आजोबा एकटेच राहायचे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना आपले पूर्वज शोधायचा नाद होता. त्यांच्या खापरपणजोबांच्याही मागचा कुणी इंग्रजांशी लढलेला शिपाई होता म्हणे. आबांना हे कळलं मात्र, ते चपला सरकवून रस्त्यापलीकडे गेले. आबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारात घडलेलं. ते म्हणाले, "सर, माय फोरफादर ऑल्सो. एक्स्पायर्ड ऑन ड्यूटी." समोरच्या आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली.

त्यानंतर दोघं जोडीने लायब्ररीत जायला लागले. पानपतचा शिपाई मिशिगनच्या लायब्ररीत कुठून सापडणार? पण समोरचे आजोबा शिस्तीचे. ते आबांना प्रश्न विचारायचे. नाव काय? "शिपाईआजोबा." बायको? "मस्ट बी देअर." तो पडला, हे कुणी पाहिलं? "एव्हरीबडी नोज, सर." घरी येऊन आबा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण फार संशयी."

दसऱ्याला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना आपल्या पूर्वजावर बोलायचं होतं. बाथरूमच्या आरशासमोर तालीम चालायची. शेवटचं वाक्य दाराबाहेर ऐकू यायचं, "आमच्या घराण्याला माघार ठाऊक नाही!" मला ते वाक्य आवडायचं. म्हटलं, याच जोरावर सही होईल.

त्याआधी पितृपक्ष आला. आईने पंचमीला पितरांचा स्वयंपाक केला. केळीची पानं इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमधली. वडे, खीर, आमटी, भाजी असं सगळं वाढून झालं. एका पानावर मात्र आईने वेगळ्या पातेल्यातला भात घातला.

माझी बायको नागपूरची आणि दातांची डॉक्टर. इथल्या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आई, या एकाच पानात असा गिचका भात काहून?"

"शिपाईआजोबांचं पान आहे ते. त्यांना मऊ भात लागतो. वडाही खिरीत भिजवून द्यायचा. मला सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूने."

"छावणीतला भात," आबांनी अभिमानाने खुलासा केला. "घाईत शिजवलेला."

"घाईत भात कच्चा राहतो, आबा. आणि छावणीत वडा खिरीत कोण भिजवून देत होतं?" ती पानाकडे बघत राहिली. "असं जेवण मी पेशंटना सांगायची. तोंडात एकही दात नसला की."

आबांचा हात आमटीच्या वाटीवर थांबला.

"तोंडावर वार झाला असेल," ते म्हणाले.

"मग त्यांचं पान चतुर्दशीला वाढलं असतं," आई म्हणाली. "हत्याराने गेलेल्यांचं चतुर्दशीला असतं. आपलं पहिल्यापासून पंचमीला."

हे आबांनाही ठाऊक होतं. जन्मभर ते पंचमीला त्या पानाला नमस्कार करत आले होते आणि जन्मभर पानपताची गोष्ट सांगत आले होते. दोन्ही एकत्र करून पाहायची गरज त्यांना वाटली नव्हती, आणि मलाही. शिपाईआजोबा घरी आले होते. घरी येऊन, म्हातारे होऊन, सुनेच्या हातचा मऊ भात खाऊन गेले होते.

आम्ही पान मागच्या अंगणात ठेवलं. कावळा काही फिरकला नाही. एक खार आली आणि भिजलेला वडा घेऊन पसार झाली. एरवी आबा हसले असते.

"पळून आला," एवढंच ते दोन दिवस पुटपुटत होते. तिसऱ्या दिवशी समोर गेले आणि परत आले ते निराळेच होऊन. समोरच्या आजोबांनी सगळं ऐकून मांडीवर थाप मारली होती. त्यांचा पूर्वज म्हणे कापणीच्या दिवसांत न विचारता पलटणीतून घरी आला होता. "तो आला नसता, तर हे लॉन कुणी कापलं असतं?" असं त्यांनी आबांना विचारलं.

आबांनी माझ्या मुलीकडून तिने शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला भारताचा नकाशा मागून घेतला. त्यावर पानपतापासून साताऱ्यापर्यंत दोरा लावला. मग तो दोरा बोटाला गुंडाळला. "एवढं चालला," ते म्हणाले. "हरलेला, उपाशी. वाटेत कुणी विचारलं तर काय सांगत असेल?"

दसऱ्याला एका शाळेच्या कॅफेटेरियात आबा माइकसमोर उभे राहिले. "आमचा पूर्वज पानपतातून घरी परत आला," अशी त्यांनी सुरुवात केली. अशी सुरुवात तिथे कुणीच ऐकलेली नव्हती. आबांनी मऊ भात सांगितला, नकाशावरचा दोरा सांगितला. माघारीचं वाक्य आलंच नाही. शेवटी म्हणाले, "मरण्याला धैर्य लागतंच. पण हरून, खाली मान घालून, आपल्या दारात उभं राहायलाही लागतं. त्याने ते केलं, म्हणून मी आहे." जेवणाच्या रांगेत दोन काका हळूच आबांजवळ आले. एक म्हणाले, "आमच्याकडेही चतुर्दशीला काही नसतं हो." दुसरे म्हणाले, "आमच्याकडेही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी अर्जावरचा कप उचलला, सही न करताच अर्जांची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. आई स्वयंपाकघरातून बॅगा कुठे ठेवल्यात ते विचारायला लागली, तिच्या आवाजात मी किती तरी दिवसांत ऐकला नव्हता एवढा उत्साह होता. मी ऑफिसला जाताना गाडीत रडलो.

विमानतळावर समोरचे आजोबाही आले होते. त्यांनी आबांना सलाम ठोकला, आबांनीही ठोकला. मी तोवर खूप शहाणपणाने वागलो होतो, पण तपासणीच्या रांगेशी माझा धीर सुटला. "आबा, राहा ना हो," मी म्हणालो. "काय कमी आहे इथे?"

"काही कमी नाही रे," आबा म्हणाले. "पण तो बिचारा पायी घरी आला. मला तर विमान आहे."

रांग पुढे सरकली. आई पुढे झाली. आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"तुलाही आहे," ते म्हणाले.