उतरवलेल्या इंजिनाचा आवाज

भूतखेत, करणी, बाहेरचं... यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे वाचून 'आजोबा, उंदीर असेल' असं कुणी मला समजवायला येऊ नये. उंदीर, तापलेला पत्रा, कानातला दोष – सगळं ऐकून झालंय माझं. आता नव्वदी गाठली तरी आठवलं की डोकं तापतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला पुणे-मुंबई रस्त्याला लागून माझ्या मामांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे कडुलिंब, मागे ज्वारीची शेतं. मी साताऱ्याकडून त्यांच्याकडे आलो, काम शिकलो आणि तोवर चांगला आठ वर्षांचा मिस्त्री झालो होतो. लग्न झालेलं, बायको चिंचवड गावातच खोलीवर. इंजिनाचा आवाज ओळखावा तर दत्तूनंच, असं लोहगावच्या विमानतळावरचे ड्रायव्हरसुद्धा म्हणायचे. बढाई मारत नाही, होतं ते सांगतोय.

चाकणच्या एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यानं पुण्यातून जुनी विलायती गाडी घेतली होती. सगळे त्यांना शेठ म्हणत. तक्रार एकच, इंजिनात ठोका येतो. मीही ऐकला. ठक-ठक... जरा थांबून, ठक. पुन्हा तसंच.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी जागा शोधायला लागलो. पुढे लावा, मागे लावा, आवाज तेवढाच. एकेका प्लगची वायर काढून पाहिली, फरक नाही. मग अॅक्सिलरेटर दाबला आणि तिथंच मी चक्रावलो. इंजिन जोरात फिरायला लागलं की ठोकाही जलद व्हायला हवा. हा होत नव्हता. इंजिन कसंही पळो, याची चाल तीच. मामांना सांगितलं तर म्हणाले, बेअरिंग बघ, बोलू नकोस.

खालचं चेंबर उघडलं. बेअरिंग उत्तम. टॅपेट बघितले, पिस्टनच्या पिना बघितल्या, काही नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी चेनपुली लावून आख्खं इंजिनच बाहेर काढलं आणि शेडच्या त्या टोकाला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं.

भर दुपारी शेठ आले. अजून झालं न्हाई का म्हणून कुरकुरत त्यांनी गाडीच्या मडगार्डवर हात टेकला. मी समजावून सांगत होतो, मामा शेजारी उभे होते. आणि आवाज आला.

ठक-ठक... ठक.

गाडीतून. इंजिन दहा पावलांवर ठोकळ्यांवर पडलेलं. बॉनेट काढलेलं होतं, मी आत वाकून बघितलं तर खालची माती दिसत होती. बॅटरीसुद्धा काढून ठेवलेली. शेठनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, तळहाताकडे बघितलं. मामांनी पुढे होऊन त्याच जागी हात ठेवला. मी मोजत होतो – तोच ठोका, तेवढंच थांबणं, अकरा वेळा. मग बंद.

शेठ हळूच म्हणाले, "ह्ये काय हाय, मामा?"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय न्हाई शेठ. पोरानं काम करताना चूक केलीय. मी सोता बसवून देतो."

मी म्हटलं, मामा, इंजिन तिकडं आहे, कसली चूक? तर मला गप्प बसवलं. आणि शेठ – ज्यांच्या हाताला तो ठोका लागला होता ते शेठ – लगेच मान डोलवून म्हणाले, "तरीच. मला वाटलंच हुतं."

मामांनी इंजिन बसवलं. एक वायसरसुद्धा बदलला नाही, मी समोर होतो. गाडी सुरू केली... आवाज नाही. पुढं कित्येक वर्षं शेठनी ती गाडी चाकण-पुणे पळवली, एकदाही ठोका आला नाही. म्हणजे मामांचं म्हणणं सिद्धच झालं की! दत्तूनं बिघडवलं, मामांनी सुधारलं. बाजारात शेठ हेच सांगत फिरले. लोक गाडी आणायचे आणि म्हणायचे, मामा, तुमीच बघा.

मी गॅरेज सोडलं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं मेंटेनन्सला लागलो. मामांशी बोलणं टाकलं.

मामा अगदी थकले तेव्हा बायकोच्या आग्रहानं भेटायला गेलो. खाटेवर पडून होते. मी सरळ विचारलं, त्या दिवशी ऐकलं होतं की नव्हतं?

"ऐकलं. हाताला बी लागलं," ते म्हणाले. "खरं बोललो असतो तर तू येडा ठरला असतास. चुकलेल्या मिस्त्रीला लोक पुना काम देत्यात, दत्तू. येड्याला कोन देतंय?"

म्हणजे माझ्या भल्यासाठी! आठ वर्षांची माझी अब्रू घालवली ती माझ्या भल्यासाठी. मला विचारलं होतं का कुणी? मी त्यांचे आभार मानले नाहीत. पाया पडलो आणि निघालो.

दारातून मात्र वळून विचारलं, मग तो आवाज होता तरी कशाचा?

मामा म्हणाले, "इंजिनातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. तूच सांग."

मला अजून सांगता आलेलं नाही.