'मी आलो' म्हणणारी

हाउन्सलोमधल्या त्या घरात मी खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकिणीची मुलगी टीव्हीवर कामं करते हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बहुधा घेतली नसती. मला कमी बोलणारी माणसं हवी होती. पहिले तीन आठवडे ती आणि मी जिन्यात एकमेकींना वाट देत सॉरी म्हणण्यापलीकडे गेलो नाही, आणि मला ते बरं वाटत होतं.

मग एका शनिवारी तिने माझं दार वाजवलं. हातात दोन कागद होते. मला दहा मिनिटं आहेत का आणि मला मोठ्याने वाचायला चालेल का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिची रीडर झाले.

आता ऑडिशनला फारसं कुठे बोलावत नाहीत. एजंट एखादा प्रसंग पाठवतो आणि नटाने तो घरीच फोनवर चित्रित करून पाठवायचा असतो. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी कॅमेऱ्यामागे उभं राहून वाचावी लागतात. तो रीडर. त्याने अभिनय करायचा नसतो, लक्ष वेधायचं नसतं, फक्त वेळेवर बोलायचं असतं. आधी हे काम तिची आई करायची. पण आई डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि प्रत्येक पात्र, मग तो खुनी असो की प्रियकर, पेशंटला मंगळवारची वेळ दिल्यासारखं वाचायची. माझा आवाज हळू आणि सपाट आहे. शाळेत त्यावरून मी बोलणी खाल्ली होती. इथे तोच आवाज कुणाला तरी नेमका हवा होता.

तिच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर फोनचा स्टँड असायचा आणि मागे भिंतीवर राखाडी चादर. घर विमानांच्या वाटेखाली होतं. एक विमान गेलं की दुसरं येईपर्यंत प्रसंग उरकायचा. ती रडण्याच्या जागी पोचली की नेमका वरून गडगडाट यायचा. ती हात वर करून मला थांबवायची, डोळ्यांतलं पाणी तसंच धरून ठेवायची, आणि विमान गेलं की त्याच पाण्यावर पुढचं वाक्य म्हणायची. माझी मात्र दर वेळी ओळ हरवायची.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नवव्या वर्षी फ्रोझन मटारच्या जाहिरातीत दिसली, मग मुलांच्या एका मालिकेत नायकाची हुशार मैत्रीण झाली. पुढे ती एकाएकी उंच झाली आणि मालिकेने दुसरी, बुटकी हुशार मैत्रीण आणली. ड्रामा स्कूलने पहिल्या वर्षी नाही म्हटलं, दुसऱ्या वर्षी घेतलं. तिथून बाहेर पडल्यावर नर्स, नर्स, केमिस्टच्या दुकानातली मुलगी आणि पुन्हा नर्स. तिच्या मते टीव्हीवर तिच्या इतक्या ड्युट्या झाल्या होत्या की आता तिला कुणीतरी पेन्शन द्यायला हवी होती. मधल्या काळात ती विमानतळावर कॉफी विकायची. एकदा एक बाई कप घेताना तिच्याकडे निरखून बघत म्हणाली की तुम्ही मटारवाल्या ना. ही गोष्ट तिने मला हसत सांगितली, पण ती सांगताना ती चादरीच्या सुरकुत्या काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

ती स्वतःला इंग्लिश म्हणायची आणि होतीच. जन्म इथला, आई इथली, भारतात एकदाही गेलेली नाही. वडील मात्र मराठी होते. विमानतळावर सामान चढवायच्या-उतरवायच्या कामाला होते. ती अकरा वर्षांची असताना गेले. गाव कुठलं, असं मी एकदाच विचारलं. पुण्याच्या खाली कुठेतरी, असं ती म्हणाली. खाली म्हणजे किती खाली, हे मी विचारलं नाही. मी दुसरा प्रश्न सहसा विचारत नाही, ही माझी सवय. या सगळ्या गोष्टीला तीच कारण ठरली.

वडिलांची मराठी तिच्याकडे पंधरा-वीस वाक्यांपुरती उरली होती. जेव, झोप, हळू जा, बूट काढ. ती वाक्यं ती मला कधी म्हणून दाखवत नसे. मग वसंत ऋतूत एका नव्या मालिकेचा प्रसंग आला. नर्स नाही, चक्क मुख्य भूमिका. बऱ्याच वर्षांनी मुलगी वडिलांच्या घरी परत येते. वडील स्वयंपाकघरात पाठमोरे उभे असतात. ती दारातून म्हणते, बाबा, मी आले. पुढचं सगळं इंग्लिशमध्ये; हे एकच वाक्य 'तुमच्या घरच्या भाषेत' म्हणायचं, असं कागदावर लिहिलं होतं.

मी वडिलांची वाक्यं वाचायला उभी राहिले. ती खोलीबाहेर गेली, दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "बाबा, मी आलो."

मी वाचायचं थांबवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसत्तर म्हणजे किती, असं विचारून मावसभावंडांनी मला प्रत्येक दिवाळीला रडकुंडीला आणलं आहे. मी एकदा 'माझी दप्तर' म्हणाले होते, ते घरात अजून सांगतात. कुणाची तरी मराठी सुधारायची संधी मला जन्मात पहिल्यांदा मिळत होती. मी तिला समजावून सांगितलं की मुलगी 'आले' म्हणते, 'आलो' मुलगे म्हणतात.

मग तिनेच कारण शोधलं. लहानपणी घरात तिच्याशी मराठी बोलणारं एकच माणूस होतं आणि ते पुरुष होतं. तिने त्यांचंच वाक्य उचललं असणार. आम्हा दोघींना ते इतकं पटलं की विषय तिथेच मिटला. तिने रोमन अक्षरांत 'आले' लिहून फ्रीजवर चिकटवलं. इंग्लिशमध्ये ते ale या बिअरच्या नावासारखं दिसत होतं. आईने ते वाचून विचारलं की कुणाला हवीय का. पण मग ती कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आपल्या मुलीला काहीतरी विचारावं की नाही, असं तिचं चाललं असावं. विचारलं नाही. मला आणि बसच्या ड्रायव्हरला ती सारख्याच मायेने 'लव्ह' म्हणायची. त्या दिवशी तेही न म्हणता ती चहाचं पाणी ठेवायला वळली.

भूमिका तिला मिळाली. पंधरा दिवस ती येता-जाता 'आले' घोकत होती. कामावरून आली की खालून ओरडायची, मी आले, आणि मी वरून शाबासकी द्यायचे. त्या उत्साहात तिने वडिलांच्या बहिणीला, वर्षातून दोनदा फोन करायची त्या आत्याला, मराठीत एक व्हॉइस नोट पाठवली: आत्या, मी आज लवकर आले.

उत्तर शुक्रवारी आलं. शूटिंग सोमवारी होतं. तिला त्यातलं निम्मंही कळलं नाही, म्हणून ती फोन घेऊन माझ्याकडे आली. आत्याचा आवाज मोठा आणि मोकळा होता.

"अगं पोरी, आले म्हणायला लागलीस व्हय. कोण पुण्याचं गाठ पडलं तुला? मी आत्ताच बाजारातनं आलो, आणि तू तिकडं आले-गेले करायलीस. बरं, जेवलीस काय?"

मी ती नोट दोनदा ऐकली. कोल्हापूरकडे बायका-मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला माहीत होतं. कॉलेजात माझ्या वर्गात तशी एक मुलगी होती आणि आम्ही तिला हसलो होतो. पुण्याच्या खाली, म्हणजे इतकं खाली. तिने वडिलांची चूक उचलली नव्हती. वडिलांनी तिला त्यांच्या आईसारखं, बहिणीसारखं बोलायला शिकवलं होतं. पंधरा-वीस वाक्यांतलं एक मी काढून घेतलं होतं, आणि तेही शाबासकी देऊन.

काय म्हणते आत्या, तिने विचारलं.

"जेवलीस का विचारते," मी म्हणाले.

शनिवारी मी दिवसभर कपडे धुतले. आता सांगून तिचा गोंधळ उडेल, असं मी स्वतःला समजावत होते. दिग्दर्शकाला फरक कळणार नाही, खाली सबटायटल येईल. हे सगळं खरं होतं. पण तिला मिळालेल्या पहिल्या मोठ्या कामात ती बापाला हाक मारणार होती, आणि ती हाक माझी असणार होती, पुण्यातल्या एका मुलीची, जिला एकोणसत्तर कळत नाही.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात टोस्टवर बीन्स घेत होती, आई पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आत्याचं वाक्य, त्याचा अर्थ, आणि हेसुद्धा की मी ते शुक्रवारपासून लपवलं. बोलताना मी बीन्सकडे बघत होते.

ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिने हळूच म्हणून बघितलं, "मी आले." मग पुन्हा, "मी आ..." आणि थांबली. पंधरा दिवसांत जीभ वळली होती. मग 'आलो' म्हणाली, पण ते पाठ केलेल्या वाक्यासारखं आलं, जपानी किंवा स्पॅनिश म्हणावं तसं. आता ते खोटं वाटतंय, असं ती म्हणाली आणि ताटली बाजूला सारली.

मला सुचलं ते एवढंच की आपण नेहमी करतो ते करू. मी तिला घराबाहेर जायला सांगितलं. खोलीच्या दाराबाहेर नाही, रस्त्यावर. कोट घालून, किल्ली घेऊन. मी सिंकपाशी पाठमोरी उभी राहिले. पुढचा दरवाजा बंद झाला. एक विमान येऊन गेलं. मग किल्लीचा आवाज, पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज, आणि पॅसेजमधून ती म्हणाली, "बाबा, मी आलो."

माझ्याकडे वाचायला कागद नव्हता. वडील काय म्हणायचे हे मला माहीत नव्हतं, आणि या खेपेला मनाने काही बोलायची माझी हिंमत नव्हती. मी नळाकडे बघत राहिले.

पलीकडच्या खोलीतून, टीव्हीच्या आवाजातून, तिच्या आईचा आवाज आला. उच्चार पूर्ण इंग्लिश, पण शब्द ओळखू येत होते.

"आलीस व्हय? ये."

त्या बाईच्या तोंडून मी वर्षभरात एक मराठी शब्द ऐकला नव्हता. पण रोज संध्याकाळी मुलीची ती हाक आणि बापाचं ते उत्तर या घरात तिने ऐकलं होतं, कित्येक वर्षं. ती दारात आली, हातात रिमोट तसाच. मुलगी वेगळंच काहीतरी म्हणायला लागलीय, हे तिला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, म्हणाली. पण खरं मराठी माणूस तर मी होते. तिला वाटलं, मला माहीत असणार.

मुलगी पॅसेजमध्येच उभी होती, कोट घालून. तिने परत बाहेर जाऊ का, असं विचारलं. आई म्हणाली, जा. त्या दुपारी ती किती वेळा आत आली ते मी मोजलं नाही. दर वेळी आईने तेच उत्तर दिलं, आणि रिसेप्शनवरचा तो आवाज त्यात एकदाही आला नाही.

मालिका पुढच्या वर्षी लागली. आम्ही तिघींनी ती एकत्र बघितली. तो प्रसंग अर्ध्या मिनिटाचा आहे. समोरचा नट पाठमोरा उभा असतो. ती आत येते आणि म्हणते, आणि मला ठाऊक आहे की त्या क्षणी ती एका वेगळ्या खोलीतून उत्तर यायची वाट बघते आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी ती क्लिप टाकली. माझ्या मावसभावाने हसण्याची चित्रं लावून लिहिलं, तिथल्या मुलींना साधं आले-आलो कळत नाही. त्या ग्रुपवर मी वाढदिवसाखेरीज काही लिहीत नाही. त्या दिवशी बसमध्ये बसून, एकेक अक्षर शोधत, मी देवनागरीत लिहिलं: तिला कळतं. ती कोल्हापूरकडची आहे.

मग मावशीने विचारलं, तुला कसं माहीत. मी लिहिलं की आम्ही एका घरात राहतो.

अजून राहतो. ती आता क्वचितच नर्स होते. कधीकधी आम्ही दोघी बसस्टॉपवर भेटतो आणि एकत्र घरी येतो. तेव्हा किल्ली तिची असते आणि हाक मी मारते, कारण दोघींच्या वतीने म्हणायचं तर माझ्या मराठीतही शब्द तोच आहे.

"आलो," मी म्हणते.