बंपरवरचं खोबरेल

बोर्ली पंचतनला ठमाबाईच्या रबर-दुरुस्तीच्या दुकानात शिरणारा माणूस आधी एकच विचारतो, "मिस्त्री आहेत का?" अंबाजी मिस्त्री जाऊन दोन वर्षं झाली, तरी विचारतातच! आणि खरं सांगू? शेवटची बारा वर्षं मिस्त्री नुसते पुढं खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचे. त्यांचे हात कापायला लागले होते. रबर घासणं, जोडणं, शेकणं, सगळं आतल्या पडवीत ठमाबाई करायची. नाव मात्र अंबाजीचं. तिनंच तसं ठेवलं होतं, नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. पण आता ते नव्हते, आणि कुणीतरी एकदा तरी 'बाई, हे काम तुझं' म्हणावं, एवढी एकच आस तिला लागून राहिली होती. कसलं काय! मिस्त्री नाहीत म्हटलं की लोक दारातूनच मागं फिरायचे.

श्रीवर्धनचा निकेतही फिरलाच होता. वडिलांची जुनी, लाल, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेऊन आला होता. पुढचा काळा रबरी बंपर राखाडी पडलेला, भेगाळलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. अलिबागला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलेलं, आणि नवा बंपर परदेशातून यायला तीन महिने.

"काम हाय ना? मग उतरव बंपर," ठमाबाई त्याला थांबवत म्हणाली.

"तुम्ही कराल, मावशी?"

"न्हाय, शेजारीन करंल!"

निकेत ओशाळला आणि बंपर ठेवून गेला.

तिनं टवक्याची जागा कानशीनं घासली, रबर चिकटवायचं सोल्युशन लावलं, कच्च्या रबराचा तुकडा बसवला, गरम इस्त्रीखाली दाबून शेकला. चौथ्या दिवशी निकेत आला, त्यानं अंगठा दाबला, आणि तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

"राहू दे मावशी," तो हळूच म्हणाला. "मिस्त्री असते तर गोष्ट वेगळी होती."

अगं बाई! ठमाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. रडू आलं, त्याच्यावर राग आला, आणि राग जिंकला. तिनं तुकडा हिसकावला, इस्त्रीजवळ धरला, नाकाशी नेला. घमघमाट सुटला होता, रबराचा नव्हे, खोबऱ्याचा.

"मेल्या, ह्याला तेल कोन लावतं?"

"मीच. दर रविवारी. आमच्या वाडीतल्या नारळांचं," निकेत अभिमानानं म्हणाला. "आजीनं सांगितलं होतं, सुकलेल्या गोष्टीला खोबरेल चोळावं. कसा काळाभोर दिसायचा!"

आता बोला! केसांना खोबरेल, बिजागरीला खोबरेल, पोराच्या टाळूला खोबरेल, मग बंपरनंच काय पाप केलं होतं? अहो, पण तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, त्यावर काही धरत नाही. तेल पार आत मुरलेलं.

"धा दिस दे," ती म्हणाली. "आन येक थेंब जरी लावलास तर तंगडं मोडीन."

रोज सकाळी ती बंपर उन्हात टाकायची. तेल वर यायचं, पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं, परत उन्हात. मऊ पडलेला थर तासून काढला. मग भेगा भरल्या, टवका जोडला, आणि पॉलिश पेपर फिरवून फिरवून बोटांची सालं निघाली. ह्या वेळी सुटला तर दुकानाला कुलूप लावायचं, हे तिनं मनाशी ठरवलं होतं.

दहाव्या दिवशी निकेतनं अंगठा दाबला. नखानं उचकटून पाहिलं. बोट तीनदा फिरवलं, पण जोड काही सापडेना. त्यानं खिशातून पेन काढलं.

"प्रदर्शनात गाडीपुढं पाटी लावायची असते, मावशी. कुठलं काम कुणी केलं ते. पूर्ण नाव सांगा तुमचं."

जे ऐकायला जीव तळमळत होता ते कानावर पडलं! बाई पदर डोळ्यांना लावून घळाघळा रडली. सुख झालं होतं, आणि आपण नवऱ्याचं नाव पुसतोय असंही वाटत होतं.

"त्यांचं बी लिव," ती शेवटी म्हणाली.

"लिहितो ना. अंबाजी मिस्त्री आणि..."

"न्हाय! आदी माझं. त्यांचं मागून."

"ते रागावले नसते ना?"

"रागावू देत," ठमाबाई नाक पुसत म्हणाली. "मी बघून घेईन."