डोंगरबाईंची शेवटची विद्यार्थिनी

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे डोंगरबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. शहरामागच्या डोंगराच्या माथ्यावर कॉलेजच्या मालकीचं गवताचं एक पठार होतं. उन्हाळे वाढत चालले तशी खालची झुडपं वर सरकत होती, आणि पठारावरच्या बोटभर उंचीच्या फुलांना सरकायला जागाच उरली नव्हती. या बदलाच्या अभ्यासासाठी बाई दरवर्षी एका विद्यार्थ्याला वर धाडत आणि त्याच्या खर्चासाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवत. "बाई आल्या, पाकीट सांभाळा," असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचंच. बाईही हसायच्या.

यंदा एका शिंप्याची मुलगी वर जात होती. हुशार, चिवट. तिच्या विद्यावेतनासाठी बाई एका बड्या कंपनीच्या साहेबांकडे गेल्या.

"पैसे देऊ की," साहेब म्हणाले. "पण फुलं मोजून लोकांना दाखवणार काय? त्यापेक्षा वर झाडं लावा. डोंगर कसा हिरवागार दिसेल!"

"साहेब, झाडांच्या सावलीत ती फुलं मरतील. त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप."

"झाडं नको म्हणणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय बुवा!"

बाई हात हलवत परतल्या. साहेबांनी थेट प्राचार्यांना फोन केला, आणि प्राचार्य एका पायावर तयार झाले. प्रयोगशाळेचं छप्पर गळत होतं, कंपनी तेही करून देणार होती. बाई भांडल्या, वर्तमानपत्राच्या कचेरीतही जाऊन आल्या. तिथल्या माणसाने चहा पाजून वाटेला लावलं.

पठारावर खड्डे खणायला सुरुवात झाली.

एका संध्याकाळी मुलगी बाईंच्या घरी आली आणि दारातच थबकली.

"बाई, कंपनीला रोपांवर देखरेखीला माणूस हवं होतं. वडिलांना आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मी हो म्हटलं."

"अगं, आत तर ये."

बाईंनी पाणी दिलं. भांडं हातात तसंच धरून ती रडायला लागली. "निळ्या फुलांचा तो पट्टा होता ना, तिथेच खणलंय. माती कुठे मऊ आहे विचारलं त्यांनी. मीच दाखवलं."

बाईंनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. म्हणाल्या, "पगार वेळेवर देतात ना?"

"हो."

"मग झालं."

पुढच्या वर्षी बाईंनी कुणाकडे काही मागितलं नाही. एका मुलाने विचारलं, "बाई, यंदा डोंगरावर कोण जाणार?"

"आता मोजण्यासारखं काही नाही रे तिथे," म्हणाल्या, आणि फळा पुसायला लागल्या.