कुणाचं अडेल?

धाकट्या बहिणीचा फॉर्म तीन पानी, माझा जेमतेम अर्धा. तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

ती पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. मी रोह्याजवळच्या खेड्यात गौरीच्या फेराला पुढं होऊन गाते. श्रावणात पेणच्या कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. कलेमुळे गावाला काय मिळतं ते मोजत फिरत होती. माझा पत्ता बहिणीनंच दिला म्हणे. केवढे उपकार!

‘यातून मिळकत किती?’

‘गौरीच्या गाण्याचे कोण पैसे घेतं का?’

‘किती जणांना काम मिळतं?’

‘कोणाला नाय.’

बहिणीच्या फॉर्मवर रंगारी, माती मळणाऱ्या बाया, टेम्पोवाले, सगळे. लहानपणी रांगोळी मी काढायचे, ती नुसते रंग भरायची. आता तिच्या हातात कला! जळले नाही म्हणाले तर जीभ झडेल माझी.

शेवटी मुलीनं विचारलं, ‘हे बंद पडलं तर कुणाचं अडेल?’

‘कुणाचं नाय. लिही तसंच.’ फणकाऱ्यानं खाली सही ठोकली.

आणि गौरीला खरंच गेले नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. म्हटलं, बघू कोण विनवायला येतं. कोण्णी आलं नाही! मेल्यांनी स्पीकर लावला नि फेर धरला. मी पडवीत कुढत बसले.

तेवढ्यात समोरच्या घरची सून आली. एरवी ही घरात तोंड उघडत नाही. आमच्यात बाईचं दुखणं फेराच्या गाण्यात घालायची रीत आहे. ती बाई आधी माझ्या कानात सांगते, मी नाव न घेता कडवं जुळवते, सगळ्या मिळून म्हणतात आणि सासू ओटीवर बसून ऐकते. गाण्यातल्या बोलण्याचा जाब कुणी विचारत नाही. गेल्या साली हिला माहेरी धाडत नव्हते. कडवं झालं, दिवाळीला धाडलं.

‘काकी, घसा लय बसलाय?’

‘व्हय.’

ती उंबऱ्याशी टेकली. ‘स्पीकरला काय सांगू गो मी? यंदा हात उचलला नवऱ्यानं.’

पदर खोचला, तिला घेऊन अंगणात गेले आणि आधी तो स्पीकर बंद केला.

पेणला पोचलेल्या फॉर्मवर मात्र माझ्याच सहीनं लिहिलेलं आहे, कुणाचं अडत नाही.