पाठीवरून ओळखणारे सर

स्विचसर वर्गासमोर कधी उभे राहिलेच नाहीत. कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांची खुर्ची सगळ्यात मागे असे आणि उजव्या हाताशी खोलीचा मेन स्विच. बारा मशिनं, बारा पोरं, आणि सरांना दिसायच्या बारा पाठी. "तोंडं सगळ्यांचीच साळसूद असतात," ते म्हणत. "माणूस पाठीवरून ओळखावा. खांदे हलले की खेळ, मान वळली की गप्पा."

सर मूळचे गणिताचे मास्तर, कोकणातून सिल्वासात आलेले. नव्वदनंतर शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन ते कॉम्प्युटरचे सर झाले. यंत्रातलं त्यांना आमच्याइतकंच कळायचं. पोरांतलं मात्र फार कळायचं.

कुणी गुपचूप गेम लावला, की सर ओरडत नसत, नावही घेत नसत. खटकन मेन खाली ओढत. बाराच्या बारा पडदे काळे. फ्लॉप्या सरांच्या कपाटात कुलूपबंद, त्यामुळे कुणाचंच काम वाचत नसे. "शेण एकाने खायचं, वास सगळ्यांनी घ्यायचा," असं शांतपणे म्हणून ते पुन्हा मेन चालू करत.

तपासणीला साहेब आले की सर अभिमानाने सांगत, "मी मुलांवर हात उगारत नाही." खरंच होतं ते. सायकल स्टँडमागे नेऊन त्या गेमवाल्याला आम्हीच तुडवायचो. एकदा एकाचा दात पडला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला जवळ बोलावलं, "आता खांदे स्थिर राहतील ना?" म्हणून विचारलं आणि खिशातली लिमलेटची गोळी दिली. मला सर फार आवडायचे. अजूनही आवडतात, आणि त्याची लाज वाटते.

बारावी संपता संपता जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्याने ऑफिसातली एक जागा आमच्या वर्गाला देऊ केली. चाळणी लागता लागता दोघं उरलो, खेरडीची रमीला आणि मी. माझे वडील सरकारी कचेरीत, घर टोकरखाड्याला. नोकरी हुकली असती तरी माझं ताट वाढलेलंच होतं. रमीलाचा बाप त्याच कारखान्यात माल चढवायचा. ऑफिसात लागली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला, असं त्याने तिला बजावलं होतं. पोरगी शाळा उघडायच्या आधी येऊन दारात बसायची.

शेवटची परीक्षा एका पानाची होती. पान टाइप करायचं, पुरं झालं की हात वर करायचा, मग सर फ्लॉपी देणार. ज्याच्या चुका कमी, त्याची जागा. माझं पान आधी झालं. फ्लॉपी सरांच्या हाती देऊन मी जागेवर बसलो, आणि पडद्यावर बघतो तर तीन चुका. रमीला हळू होती, पण ती चुकत नसे.

मी मान वळवली आणि तिला विचारलं, "किती राहिलं गं?"

खट्.

रमीला काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग उभी राहून म्हणाली, "सर, बे लाइन बाकी हती. फक्त बे लाइन." ती त्या दोन ओळींचंच बोलली; 'मी तर बोललेच नाही,' असं म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं. बाहेर कारखान्याचा माणूस जीप चालू ठेवून थांबला होता. "नियम सगळ्यांना एकच," सर म्हणाले आणि माझी फ्लॉपी त्याच्या हातात दिली.

सर निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा वापीच्या बसपर्यंत त्यांची ट्रंक मी उचलली. स्टँडवर ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तू त्या दिवशी मुद्दाम मान वळवलीस. वळवायच्या आधीच मला पाठीवरून कळलं होतं."

मी ट्रंक खाली ठेवली. "मग मेन का ओढलात, सर?"

"मी ओढणार हे तुला ठाऊक होतं. एवढा भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवला नाही रे." त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. बस आली तसं त्यांनी विचारलं, "ती पोर कुठे असते आता?"

"पॅकिंगला. आमच्याच कारखान्यात."

"बघ, म्हणजे दोघंही लागलात," सर समाधानाने म्हणाले.

मी "हो सर" म्हणालो, आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.